कंपास इथे ठेवा

उभेच राहा. हा पुण्याचा नकाशा, त्यावर मोबाइल टॉवरची म्हणून कंपासने मारलेली एकाच मापाची 30 वर्तुळं, आणि खाली ठळक अक्षरांत 'कपॅसिटी प्लॅनिंग'. ही रांगोळी झाली. माणसं किती धरलीत? 2011च्या जनगणनेतली 31 लाख, भागिले 30. म्हणजे तळजाईच्या टेकडीवर जेवढी माणसं, तेवढीच लक्ष्मी रोडवर! जन्म पुण्यातच गेला ना तुमचा?

अनंत चतुर्दशीला अलका टॉकीज चौकात उभे राहिला असाल. फोनवर काड्या पूर्ण, पण फोटो काही जात नाही. काड्या म्हणजे पोच. फोटो जायला क्षमता लागते, आणि ती टॉवरच्या एका सेक्टरमधल्या सगळ्यांत वाटली जाते. सेक्टरला 1 जीबीपीएस आहे असं धरा आणि खाली 4,000 फोन. वाट्याला पाव एमबीपीएस. भागाकार चौथीत शिकवतात.

त्यावर तुमचा तोडगा काय, तर टॉवरची पॉवर दुप्पट करा! शॅननने 1948 मध्येच सांगून ठेवलंय, पॉवर लॉगच्या आत जाते. दुप्पट करून दर हर्ट्झला फार तर एक बिट हाती लागतो, आणि शेजारच्या सेलला त्रास होतो तो वेगळाच. सेलची त्रिज्या निम्मी करा, त्याच जागेत चार सेल बसतात; तेच स्पेक्ट्रम चारदा वापरा.

म्हणून सेलचे थर लागतात. वर 700 मेगाहर्ट्झची छत्री, धावत्या पीएमपीसाठी. मध्ये 3300. खाली दिव्याच्या खांबांवर छोटे सेल. मंडईचं मेट्रो स्थानक जमिनीखाली आहे, त्याचा तुमच्या नकाशात पत्ताच नाही. तिथे काय टेकडीवरून सिग्नल सोडणार?

आणि छोटे सेल नुसते टांगून भागत नाही. मोठा टॉवर 40 वॅटचा, हा 5 वॅटचा, ढोल-पथकाशेजारी सनई. फोन मोठ्या आवाजाकडे धावतो आणि छोटा सेल रिकामा बसतो. त्याला मुद्दाम झुकतं माप द्यावं लागतं. बुधवारी फळ्यावर लिहिलं होतं हे. तेव्हा तुम्ही बाकाखाली मोबाइल बघत होतात. वर्गात रेंज चांगली येते वाटतं.

उद्या बेलबाग चौकापासून अलकापर्यंत चालत जा. दिव्याचे खांब मोजा, प्रत्येकाला फायबर कुठून आणाल ते वहीत लिहा. मिसळ खाऊन अंदाजे आकडा टाकू नका, मी स्वतः मोजलेत.