कावड रिकामी नव्हती

दिवाळीच्या सुट्टीत घरी सगळे एकत्र जमतात. फराळ होतो, गप्पा रंगतात आणि कधी तरी एक प्रश्न हळूच पुढे येतो : वडीलधाऱ्यांनी आपल्यासाठी काय ठेवले? आपल्या मनातही तो कधी आला असेल. म्हणूनच एका मराठी प्रवाशाची आठवण करून देतो.

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, ही आशा होती. वाटेत बंडाचा वणवा पेटला. पुढे ते झाशीत राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयास राहिले. एप्रिल 1858 मध्ये इंग्रज फौज शहरात शिरली. कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांच्याजवळचे द्रव्यही गेले.

ते घरी परतले तेव्हा कर्ज फेडण्याइतका पैसा जवळ नव्हता. होती ती गंगाजलाची कावड. ती खांद्यावरून कोकणात आणून त्यांनी आई-वडिलांना गंगास्नान घातले.

आता विचार करा. हिशेबाच्या वहीत हा प्रवास तोट्याचाच. पण त्या आई-वडिलांना तो तोट्याचा वाटला असेल का?

आपल्या परंपरेत पितृऋण सांगितले आहे. ते पैशाने फिटत नाही, कारण घेतलेली वस्तू पैसा नव्हती. कोणी तरी आपल्यासाठी रात्री जागले, उपाशी राहिले, ओझे वाहिले. त्यांतील काहींचे कष्ट फळाला आले, काहींचे नाही. कृतज्ञता केवळ यशस्वी पूर्वजांपुरती ठेवली, तर ती वारसाहक्काची पावती होते.

पूर्वजांचे सारेच बरोबर होते असे नाही. त्यांच्या चुका आपण सुधाराव्यात. पण चूक दाखवण्यापूर्वी त्यांच्या खांद्यावरचे ओझे तरी पाहावे.

झाशीला गेलात तर राणीच्या किल्ल्यापुढे आपले मस्तक सहज झुकेल. घरातल्या विष्णुभटांसाठी मात्र किल्ला नसतो. त्यांच्यासाठी आपणच वेळ काढावा लागतो. विष्णुभटांनी 1883च्या सुमारास आपली हकिगत लिहून काढली. चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये ती ‘माझा प्रवास’ म्हणून प्रसिद्ध केली. म्हणून ती कावड आपल्यापर्यंत पोहोचली.

या सुट्टीत आजी-आजोबांजवळ तासभर बसा. त्यांनी काय कमावले हे विचारू नका. काय वाहून आणले ते विचारा, आणि लिहून ठेवा.