दोनच जागा

वस्तू वापरावी की जपावी? बँकेतले लॉकर पाहून माझं मत झालंय, जपलेल्या वस्तूला व्याज मिळत नाही. म्हणून 1998 साली आलेली, गोव्यात बांधलेली 'सॅन स्टॉर्म' मिळाली, तर ही स्पोर्ट्‌स कार मी रोज पेणहून रोह्याच्या शाखेत नेईन. रेनॉचं 1149 सीसी इंजिन, वर उघडं आभाळ! खड्ड्यांमुळे वेग एसटीचाच राहील, हे कबूल. (माझी कंबर निराळं बोलेल.) खरी पंचाईत पुढेच. गाडीत जागा दोनच, आणि वडखळ नाक्यावर रोज आमचे मॅनेजरसाहेब उभे असतात. शेजारी गुडघेदुखीने वाकलेला शिपाई. घ्यायचं कुणाला? बढतीची यादी साहेबांकडे, दुखणं शिपायाकडे. आणि पाहिलंच नाही असं भासवून निघून जावं, तर टपाशिवायच्या गाडीत तोंड लपवणार कुठे?