प्राणवायूचा आकडा आणि अनुमानाची मर्यादा

ब्रॉंकिओलायटिस हा दोन वर्षांखालील, विशेषतः पहिल्या वर्षातील, बाळांना होणारा विषाणुजन्य आजार असून त्यात फुप्फुसांतील अत्यंत बारीक श्वासनलिका सुजतात आणि चिकट स्रावाने अंशतः बंद होतात. बहुतेक वेळा आरएसव्ही हा विषाणू त्यास कारणीभूत असतो. श्वासनलिका रुंदावणारी औषधे, स्टेरॉइड किंवा प्रतिजैविके यांचा या आजारात सहसा उपयोग होत नाही. त्यामुळे बाळ आपोआप बरे होईपर्यंत त्याचा श्वास आणि त्याचे पोषण सांभाळणे हेच उपचाराचे मुख्य स्वरूप उरते. अशा आजारात प्राणवायू केव्हा द्यावा, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक भासला तरी बाळाला धोका आहे हे कशावरून जाणावे, या ज्ञानमीमांसेच्या प्रश्नावर तो उभा आहे.

बाळाच्या पावलाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर त्वचेतून लाल व अवरक्त प्रकाश पाठवतो आणि त्याच्या शोषणावरून रक्तातील किती टक्के हिमोग्लोबिन प्राणवायूने युक्त आहे, म्हणजेच संपृक्तता किती आहे, हे दाखवतो. पडद्यावरचा आकडा डोळ्यांना दिसतो म्हणून धोकाही प्रत्यक्ष दिसल्यासारखा वाटतो. वास्तविक प्रकाशावरून संपृक्तता आणि संपृक्ततेवरून धोका, असे हे दुहेरी अनुमान आहे. अनुमान ज्यावर टिकते त्या नियत साहचर्याला न्यायदर्शन व्याप्ती म्हणते. धूर दिसल्यास अग्नी आहे असे म्हणता येते, परंतु अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण त्यासाठी इंधन ओले असावे लागते. व्याप्तीला मर्यादित करणाऱ्या अशा छुप्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात.

कमी आकड्यावरून धोक्याकडे जाणारे अनुमानही असेच सोपाधिक आहे, हे दोन प्रयोगांतून दिसले. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या टोरांटो येथील अभ्यासात सौम्य ते मध्यम आजाराच्या 213 बाळांपैकी एका गटाचा ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा तीन टक्के अधिक आकडा दाखवत होता. खरा आकडा दिसणाऱ्या गटातील 41 टक्के बाळांना 72 तासांत दाखल करून घेतले गेले किंवा सहा तासांहून अधिक उपचाराखाली ठेवले गेले, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण 25 टक्के होते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 615 बाळांच्या अभ्यासात एका गटाच्या यंत्रात खरी संपृक्तता 90 टक्के असताना 94 दिसेल अशी योजना होती. तरीही खोकला थांबण्यास दोन्ही गटांत सारखेच, साधारण 15 दिवस लागले. दोन्ही गटांतील आजार तोच असून आकड्याने डॉक्टरांचे निर्णय बदलले, बाळांचे बरे होणे मात्र बदलले नाही.

यावरून आकडा निरर्थक ठरत नाही. संपृक्तता खूप घसरली तर प्राणवायू दिलाच पाहिजे. उलट, प्राणवायू चालू असताना आकडा समाधानकारक दिसत असूनही श्वासाच्या श्रमाने थकलेल्या बाळाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो, आणि हे ऑक्सिमीटर सांगत नाही. म्हणून छाती आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे, दूध ओढता न येणे, श्वास मध्येच थांबणे ही लक्षणे आकड्याइतकीच निर्णायक ठरतात. हाय फ्लो, म्हणजे तापवलेला व दमट वायू नाकातून वेगाने देण्याची पद्धत, वापरावी की नाही याचा निर्णयही केवळ संपृक्ततेवर सोपवता येत नाही.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 साली सहा आठवड्यांवरील बाळांसाठी प्राणवायूची मर्यादा 90 टक्के ठेवली, पण त्याहून लहान बाळांसाठी किंवा मूळचा अन्य आजार असलेल्या मुलांसाठी ती 92 टक्के ठेवली. एकच आकडा वेगवेगळ्या बाळांच्या बाबतीत वेगळा अर्थ धारण करतो, ही उपाधीची अप्रत्यक्ष कबुलीच होय. त्यामुळे मर्यादेची रेषा निसर्गाने आखलेली नसून ज्ञान अपुरे असताना जबाबदारी कशी वाटून घ्यावी यासाठी माणसांनी केलेला तो करार आहे. आकड्याला घाबरून उपचार लादणे आणि आकड्यावर विसंबून थकलेले बाळ न पाहणे, या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: अनुमानाला प्रत्यक्षाचा मान देणे.