जीर्णोद्धार आणि मूळपण

जीर्णोद्धार करणारा मनुष्य इमान राखतो तें वस्तूशीं, कीं त्या वस्तूविषयीं स्वतःच्या मनांत असलेल्या चित्राशीं? देवळें, मूर्ति आणि पोथ्या यांच्या संबंधानें हा प्रश्न पुष्कळदां चर्चिला गेला आहे. एका मोटारीच्या निमित्तानें तो आमच्या दारीं येईल, असें मात्र आम्हांस कधीं वाटलें नव्हतें.

आमचा एक भाचा अमेरिकेंत मिशिगन संस्थानांत इंजिनियर आहे. त्याच्या शेजारीं राहणाऱ्या एका वृद्ध विधवा बाईंकडून त्यानें १९६९ सालची एक शेव्हरोले कॅमॅरो गाडी विकत घेतली. बाईंच्या यजमानांनीं ती नवी असतांना घेतली होती. १९७४ सालीं तिचें इंजिन फुटलें, तेव्हां त्यांनीं अपघातांत मोडलेल्या एका १९७० च्या इंपाला गाडीचें, त्याच ३५० घनइंचांचें, इंजिन भंगारवाल्याकडून आणून स्वतःच्या हातानें तिच्यांत बसविलें आणि पुढें चाळीस वर्षें ती गाडी चालविली. आतां तें इंजिनहि धूर ओकूं लागलें आहे. ‘मामा, गाडी पुन्हां उभी करावयाची आहे, इंजिन कोणतें बसवूं?’ असें त्यानें आम्हांस विचारलें. प्रश्न यंत्राचा आहे असें समजून आम्ही प्रथम हंसलों. नंतर हंसूं आलें नाहीं.

या गाड्यांस तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. पहिलवानी गाडी म्हटल्यास अर्थ पोहोंचेल. बेताच्या आकाराच्या गाडींत अवाढव्य इंजिन, हें तिचें लक्षण. हिचा वंश बहुधा १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून मोजतात, आणि त्या जन्माची कथा मोठी मार्मिक आहे. मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घनइंचांहून मोठें इंजिन घालावयाचें नाहीं, असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. जॉन डिलोरियन आणि पाँटियाक विभागांतील त्यांचे सहकारी यांनीं ३८९ घनइंचांचें इंजिन टेंपेस्ट गाडींत बसविलें, पण ती नवी गाडी असें न म्हणतां गिऱ्हाइकानें हौसेनें मागावयाचा जादा सरंजाम म्हणून यादींत घातली! म्हणजे जें इंजिन त्या गाडींत असावयास नको होतें, तें घातल्यानें ही जात जन्मास आली. मूळपणाचा सोंवळेपणा आज जिच्याविषयीं सर्वांत अधिक, तिचें मूळ हें असें आहे.

आणि सोंवळेपणा खरोखरच फार आहे. इंजिनाच्या लोखंडी ठोकळ्यावर पुढच्या बाजूस, उजव्या अंगाला, एक सपाट पट्टी असते. तिच्यावर इंजिन केव्हां व कोठें जुळविलें याची खूण आणि ज्या गाडींत तें बसलें त्या गाडीच्या क्रमांकाचा कांहीं भाग कारखान्यांत ठोकलेला असतो. भाच्याची गाडी ओहायोंतील नॉरवुडच्या कारखान्यांतली. म्हणून तिच्या पहिल्या इंजिनावर ‘एन्’ हें अक्षर असलें पाहिजे. इंजिनावरचा व गाडीवरचा आंकडा जुळला तर गाडीची किंमत पुष्कळच चढते. किंमत आली कीं मोह आला. योग्य महिन्यांत ओतलेला दुसरा ठोकळा शोधावयाचा, त्याची पट्टी घासून कोरी करावयाची आणि जुन्या वळणाच्या ठशांनीं हवा तो आंकडा ठोकावयाचा, ही विद्या तेथें चांगली पोसली आहे. कारखान्याच्या कापणीच्या अवजारानें पट्टीवर उमटलेले बारीक समांतर ओरखडे भिंगाखालीं पाहून ही चोरी पकडणारे तज्ज्ञहि अर्थात् निर्माण झाले आहेत. आणि त्यांना चकविण्यासाठीं तसे ओरखडे काढणारेहि!

भाच्यापुढें हा एक मार्ग होता. त्याचें म्हणणें असें: ‘मला गाडी विकावयाची नाहीं. मग फसला कोण? फुटून गेलेल्या इंजिनाचा आंकडा मीं नव्या ठोकळ्यावर लिहिला, तर दिवंगत माणसाच्या नांवानें नातवाचें नांव ठेवण्यासारखेंच तें नव्हे काय?’

युक्तिवाद गोड आहे, पण तो आम्हांस पटला नाहीं. नातवाचें नांव आजोबाचें ठेवलें तरी हाच आजोबा असें कोणी सांगत नाहीं. ठोकलेला आंकडा मात्र एक विधान करतो: ‘मी या गाडीबरोबर नॉरवुडहून निघालों.’ तो साक्षीदार आहे. तसाच ठोकळा बसवून पट्टी कोरी ठेवली असती, तर तिनें कांहींच सांगितलें नसतें आणि आमचीहि तक्रार नसती. शिवाय लोखंड माणसाहून दीर्घायुषी असतें. भाचा विकणार नाहीं; त्याचीं मुलें विकतील, आणि तेव्हां ती खोटी साक्ष त्यांच्या तोंडून निघेल, त्यांच्या नकळत.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन मिलिंद राजास विचारतो, कीं रथ म्हणजे आंस, कीं चाकें, कीं जूं? यांपैकीं एकहि नव्हे, तर या सर्वांच्या आश्रयानें चालणारा ‘रथ’ हा एक व्यवहार आहे, असें उत्तर निघतें. ग्रीकांत थीसियसच्या जहाजाची कथा आहे. त्याच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्यावर तें तेंच जहाज कीं दुसरें, असा वाद. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्स यानें त्यांत भर घातली, कीं काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून त्यांचें दुसरें जहाज जोडलें तर खरें कोणतें? वर्गांत आम्हांस हा प्रश्न केवळ बुद्धीचा खेळ वाटत असे. मोटारींच्या व्यवहारांत मात्र तो रोकडा आहे: सांगाडा एका कोठारांत, इंजिन दुसऱ्याच्या अंगणांत, आणि दोघेहि मालक एकाच गाडीचे वारस म्हणवितात.

दुसरा मार्ग अगदीं नव्या इंजिनाचा. १९९७ सालीं कॉर्व्हेट गाडींत अवतरलेल्या एलएस वंशाचें इंजिन पेटींतून काढून बसवितां येतें. जोर अधिक, पेट्रोल कमी, थंडींत कुरकुर नाहीं. फोर्ड कंपनीनें तर २०२१ सालीं स्वतःच्या १९७८ च्या एका मालवाहू गाडींत विजेची मोटार घालून ती प्रदर्शनांत मांडली. यास पाप म्हणण्याइतके आम्ही कर्मठ नाहीं. बॉनेट उघडतांच आंतील नवेपण कोणासहि दिसतें. तेथें लबाडी नाहीं. मात्र त्यास जीर्णोद्धार म्हणवत नाहीं. तो जुन्या वाड्यांतला नवा संसार होय, आणि संसार चांगला असूं शकतो.

राहिलें तें इंपालाचें इंजिन. जाणत्यांच्या लेखीं त्याची किंमत शून्य; तें ना मूळचें, ना नवें. आमचा कौल मात्र त्याच्याच बाजूनें पडला. जीटीओच्याच वर्षीं, म्हणजे १९६४ सालीं, व्हेनिस येथें प्राचीन वास्तूंच्या रक्षणाची एक सनद मान्य झाली. जेथें तर्क सुरू होतो तेथें जीर्णोद्धारानें थांबावें, आणि वास्तूंत निरनिराळ्या काळांनीं घातलेली रास्त भर पुसून टाकूं नये, असा तिचा आशय आहे. पहिलें इंजिन या गाडींत पांच वर्षें होतें, दुसरें चाळीस. त्या बाईंनीं यजमान घरीं आल्याची चाहूल ज्या आवाजावरून ओळखली, तो आवाज या दुसऱ्याचा. कारखान्याचा क्षण तेवढा खरा आणि त्यानंतरचें आयुष्य म्हणजे डाग, हा न्याय आम्हीं माणसांस लावीत नाहीं. वस्तूंस कां लावावा?

येथें आम्हांस स्वतःचीच शंका येते. अशानें प्रत्येक ओबडधोबड दुरुस्तीस पावित्र्य येईल. त्याच गृहस्थांनीं रेडिओच्या तारा चिकटपट्टीनें बांधल्या होत्या. भाच्यानें त्या आगीच्या भीतीनें काढल्या, आणि ठीक केलें. मग इंजिन ठेवावें व तारा काढाव्या, ही रेघ कोठें ओढावयाची? निरुपद्रवी तें ठेवावें म्हणावें, तर इंजिनहि जसेंच्या तसें राहत नाहीं. पूर्वींच्या पेट्रोलांतील शिसें झडपांच्या बैठकींस झिजूं देत नसे. रस्त्यावरील गाड्यांसाठीं तसलें पेट्रोल अमेरिकेंत १९९६ पासून बंद आहे, म्हणून टणक बैठका नव्या बसवाव्या लागतात. सिलिंडर तासावे लागतात, दट्टे बदलावे लागतात. या प्रश्नाचें पुरें उत्तर आमच्याजवळ नाहीं. भाच्यास आम्हीं एवढेंच लिहिलें, कीं जें बदलशील तें लपवूं नकोस, आणि जें लपवावेंसें वाटेल तें बदलूं नकोस.

गेल्या महिन्यांत त्याचें उत्तर आलें. ठोकळ्याचा वरचा पृष्ठभाग सपाट करण्यासाठीं यंत्रावर चढवावा लागणार होता. आणि ती आंकड्याची पट्टी त्याच पातळींत असल्यानें घासली गेली असती. कारागीर म्हणाला, ‘आंकडा दुसऱ्याच गाडीचा आहे, गेला तर बरेंच.’ भाच्यानें त्यास पट्टी वगळून तेवढाच भाग कापावयास सांगितलें. मजुरी थोडी अधिक पडली. तत्पूर्वीं त्यानें पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल घांसली होती. तो कागद त्यानें पत्रांत घालून पाठविला आहे: करड्या रंगांत उमटलेलीं कांहीं अक्षरें व आंकडे, आणि त्यांच्या पाठीमागें कारखान्याचे बारीक उभे ओरखडे.