श्वास यंत्राचा, प्राण कोणाचा?



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. आपल्या माणसांच्या कबरींवर फुले ठेवून, मेणबत्त्या लावून आपण घरी परततो. या निमित्ताने बरेच दिवस मनात घर करून राहिलेला एक प्रश्न आम्ही तुमच्यापुढे मांडत आहोत.

काही काळापूर्वी एका कुटुंबाने आम्हाला रात्री इस्पितळात बोलावले. घरच्या कर्त्या पुरुषाला अपघातात डोक्याला मार लागला होता. डॉक्टरांनी तो ‘ब्रेन डेड’ असल्याचे सांगून अवयवदानाबद्दल विचारले होते. पत्नी आम्हाला म्हणाली, “फादर, ह्यांचं अंग गरम आहे, छाती वरखाली होतेय. मी ‘हो’ म्हटलं तर ह्यांना मारल्याचं पाप मला लागेल का?” सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या आम्हाला त्या क्षणी नीट उत्तर देता आले नाही. तिने ‘नाही’ म्हटले. तिला कोणी दोष देऊ नये. दोष द्यायचाच तर तो आम्हाला द्यावा, कारण हा विषय आम्ही प्रवचनात कधी काढलाच नव्हता.

उत्तराची सुरुवात आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. प्राण्यांच्या शरीरात चार प्रकारच्या ऊती असतात: अभिस्तर ऊती झाकते, संयोजी ऊती जोडते, स्नायू ऊती हालचाल करते, चेता ऊती निरोप पोहोचवते. आपले रक्तदेखील संयोजी ऊतीच! बिशा नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाशिवाय २१ ऊती वेगळ्या ओळखल्या आणि १८०१ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी जीवन आणि मृत्यू यांवर पुस्तक लिहिले होते. हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांपैकी एक थांबले की उरलेली दोन कशी थांबतात, हे त्यांनी त्यात शोधले.

हे तिघे एकमेकांना किती बांधलेले आहेत, हे बस पकडायला धावताना कळते. मांडीचे स्नायू जास्त प्राणवायू मागतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू लागतो, मेंदूच्या देठाला ते समजते आणि श्वास जलद होतो. एरवी मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलणारे हृदय दुप्पट, तिप्पट काम करते. आतड्यांकडे जाणारे रक्त कमी होते, त्वचेला घाम फुटतो. यातले काहीही आपण हुकूम देऊन करत नाही. डोळ्याने हाताला ‘तुझी मला गरज नाही’ म्हणू नये, असे संत पौल करिंथकरांना का सांगतो, ते इथे उमगते.

ॲरिस्टॉटल म्हणे, देहापासून तुटलेला हात नावापुरताच हात असतो. संत थॉमस अक्वायनसने हाच विचार पुढे नेला. आत्मा हा शरीरात बसलेला प्रवासी नव्हे. अनेक अवयवांचा एक जिवंत देह ज्याने होतो ते तत्त्व म्हणजे आत्मा. हे मान्य केले तर मरण म्हणजे एखादा अवयव बंद पडणे नव्हे. ही एकता कायमची तुटणे म्हणजे मरण.

आता त्या वरखाली होणाऱ्या छातीकडे पाहू. हृदयाचा ठोका हृदयातच सुरू होतो; प्राणवायू मिळत राहिला तर ते मेंदूच्या आज्ञेवाचूनही धडधडते. पण श्वास मेंदूच्या देठाशिवाय येत नाही. म्हणून डॉक्टर यंत्र थोडा वेळ बाजूला करून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर तरी देह स्वतः श्वास घेतो का, हे पाहतात. आपल्या देशाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाने या तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करायच्या असतात. कोमा ही वेगळी अवस्था आहे. कोमातला माणूस जिवंत असतो, हे विसरू नये.

सगळ्यांचे समाधान झालेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. अशा देहात मूत्रपिंडे काम करतात, जखमा भरतात, मग एकता संपली कशी म्हणावी, असे काही कॅथलिक डॉक्टर व विचारवंत विचारतात. प्रश्न हलका नाही. आम्हाला मात्र वाटते, की भागांचे जिवंत राहणे आणि माणसाचे जिवंत असणे यांत फरक आहे. एकेक दिवा तेवत असतो, पण घरात कोणी उरलेले नसते.

मृत्यूचा क्षण ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे, असे पोप पायस बारावे यांनी १९५७ साली सांगितले. २९ ऑगस्ट २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले, की मेंदू पूर्णपणे व कायमचा निकामी झाल्याची खूण काटेकोरपणे तपासली असेल, तर त्या खात्रीवर पुढचे पाऊल टाकणे नीतीला धरून आहे. दुसऱ्याला वाचवण्यासाठीही कोणाचा जीव घेता येत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण ठाम आहे. दान संमतीनेच व्हावे, त्याचा बाजार होऊ नये, हेही तितकेच ठाम.

ज्यांना अजून शंका वाटते त्यांच्यासाठी नेत्रदान आहे. डोळ्याच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात. हृदय थांबल्यानंतर साधारण सहा तासांच्या आत ते काढता येते. तिथे यंत्राचाही प्रश्न नाही आणि मेंदूचाही.

आज जेवताना घरात हा विषय काढा. आपली इच्छा आपल्या माणसांना सांगून ठेवा. इस्पितळाच्या दारात, रात्री दोन वाजता, हा निर्णय एकट्या बाईवर टाकू नका.

आणि त्या ताईंना उशिरा का होईना, आमचे उत्तर: ‘हो’ म्हटले असते तरी तुम्हाला पाप लागले नसते. ‘नाही’ म्हटल्याचेही लागलेले नाही. दान हे दान असते, ते कर्ज नव्हे.

तुमचे धर्मगुरू