लेकीच्या पानासाठी मागणं

विवळवेढ्याच्या आई महालक्ष्मी, तू गडावरून पायथ्याशी का आलीस हे डहाणू तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. एक पोटुशी बाई तुझ्या दर्शनाला गड चढत होती, वाटेत भोवळ येऊन पडली, आणि तू तिला म्हणालीस, आता तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. एका बाईला चढवेना म्हणून ठाणं हलवणारी तू. चैत्री पुनवेच्या यात्रेला धाकटी डहाणूहून येताना मी आजवर दर्याचंच मागत आले: होडी सुखरूप येऊ दे, जाळं भरू दे. यंदा लेकीच्या पानाचं मागते.

तिचा आजार तू जाणतेस, तरी सांगते. गव्हात एक चिकट प्रथिन असतं, ग्लुटेन. जवातही असतं. ते पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. आतड्याला आतून बारीक लव असते, अन्नरस शोषून घेणारी. ती झिजून सपाट होते. मग कितीही भरवा, अंगी लागत नाही. लोहाचं औषध देऊनही रक्त वाढत नाही, उंची खुंटते. डॉक्टर याला सीलिॲक म्हणतात. रक्ताच्या तपासणीत संशय येतो, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला की खात्री होते. उपाय एकच, ग्लुटेन जन्मभर बंद. ते बंद केलं की लव पुन्हा उगवते, पोर पुन्हा वाढीला लागतं. म्हणून आई, तिला बरी कर असं मी म्हणत नाही. घरात ती बरीच आहे. उंबरठ्याबाहेर मात्र माझा इलाज चालत नाही, आणि तिथलं सगळं तुझ्या हाती.

घरातल्यासाठी आधी तुझे उपकार मानते. उत्तरेकडे शंभरात एकाला हा आजार सापडतो म्हणतात, आणि तिकडे जेवण म्हणजेच गव्हाची रोटी. तिथल्या आईला चुलीपासून सगळं बदलावं लागत असेल. माझी चूल मुळातच भाताची. तांदळाची भाकर, बोंबलाचं कालवण, सुकटीची चटणी, नारळी पुनवेचा नारळीभात, घोलवडचा चिकू, उन्हाळ्यातले ताडगोळे, वारली शेजारणीकडची नागलीची भाकर: एवढं सगळं तू तिला न विचारता खाता येईल असं दिलंस. सांभाळावी लागते ती गिरणी. गव्हामागून तांदूळ टाकला की दगडाला राहिलेलं गव्हाचं पीठ आमच्या पिठात उतरतं, म्हणून आमचा डबा सकाळी, गिरणी झाडून झाल्यावर, पहिला लागतो. त्या गिरणीवाल्याचंही भलं कर. तो आता मी सांगायच्या आधी कुंचा हातात घेतो.

पण माणूस काही घरातच जेवत नाही. आत्या मुंबईहून येते, कुणाचा साखरपुडा ठरतो, पोरं पारनाक्याच्या चौपाटीवर जायचा हट्ट धरतात. हॉटेलात शिरलं की सगळे खुर्च्या ओढून बसतात. मी उभीच, भटारखान्याकडे बघत. तिच्या बापाच्या डोल जाळ्यात आलेला बोंबील बाजारातून अशाच एखाद्या हॉटेलात जातो, रवा लावून टेबलावर येतो, आणि त्या ताटातलं तिला काहीच चालत नाही. बापाच्या हातचा मासा, आई, आणि लेकीने बघत बसायचं. तांदळाच्या पिठात घोळवून द्या म्हटलं तर तवा तोच, तेल तेच. भजी बेसनाची, पण ज्या कढईत समोसे तळले त्याच कढईतली. बाजारातल्या बऱ्याचशा हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तेव्हा डाळ आणि सांबारही विचारूनच. चायनीजच्या गाडीवर भात आहे, पण सोया सॉस गहू घालून केलेला. तलासरीच्या पुढे गुजरातच्या वाटेवर ढोकळा दिसला की तिचे डोळे चमकतात, आणि मी विचारते, यात रवा घातलाय का?

पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. ताटात चिमूटभर रवा पडला तरी ती मर्यादा ओलांडली जाते. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना कशात गहू आहे, कशात दूध, कशात शेंगदाणे, हे मेनूवर सांगावं लागतं. चौपाटीवरच्या गाडीला ते बंधन नाही. तिथे गाडीवाल्याच्या मनात येईल तोच नियम. म्हणून मी त्या मनासाठी मागते.

वाढणाऱ्या पोराला ‘माहीत नाही’ म्हणायचं धाडस दे. ‘काही नसतं त्यात ताई, बिनधास्त द्या’ असं कुणी हसून म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. ‘थांबा ताई, आत विचारून येतो’ म्हणणारा भेटला की त्याच्या कपाळी तुझा कुंकवाचा टिळा लावावासा वाटतो. तो पोरगाही कुठून तरी लांबून पोटासाठी आलेला, गर्दीची वेळ, मालकाची नजर गल्ल्यावरून त्याच्यावर. त्यात हौस म्हणून गहू सोडणारी गिऱ्हाइकंही त्याने पाहिलेली. त्या हौसेतून माझी गरज त्याला वेगळी कशी दिसावी? त्याला तेवढी नजर दे, आणि त्याच्या मालकाला दोन मिनिटं थांबायची बुद्धी दे. एक वेगळा तवा, एक धुतलेला झारा, एवढ्यावर माझ्या लेकीचं जेवण होतं.

मला विचारताना संकोच वाटू देऊ नकोस. मागे लोक खोळंबलेले असतात, घरचेच कुणी म्हणतात, ‘सोड गं, दरवेळी काय तेच.’ तेव्हा माझा आवाज चढू देऊ नकोस आणि पडूही देऊ नकोस.

लेकीला काय मागू? ती आता स्वतःच विचारते, ‘काका, ह्यात रवा आहे?’ तिचा तो प्रश्न असाच खणखणीत राहू दे. आपण सगळ्यांना त्रास देतो, असं तिच्या मनात कधी येऊ देऊ नकोस. वाढदिवसाला केक कापला जातो, पोरं हात पुढे करतात, तेव्हा ती मागे सरकून म्हणते, ‘मला भूक नाही.’ भूक असताना भूक नाही म्हणायची वेळ त्या वयात कुणावरच आणू नकोस, आई.

आणि आता तुझ्या दारचंच गाऱ्हाणं. सत्यनारायण झाला की द्रोणात शिरा येतो, सव्वाच्या मापाचा, तुपात भाजलेल्या रव्याचा. मी हात आखडला की कुणीतरी मावशी म्हणते, ‘देवाचा प्रसाद आहे बाय, चमचाभराने काय होतंय? नाही म्हणू नये.’ मावशीच्या मनात माया असते, हे मला दिसतं. पण होतं, आई. चमचाभरानेही आतडं दुखावतं, वरून कळलं नाही तरी. हॉटेलवाल्याशी मी भांडू शकते, तुझ्या नावाशी कशी भांडू? तुझं नाव घेऊन माझ्या लेकीला आजार वाढू नये, हे तूच मावशीच्या मनात घाल. हा पेच दुसऱ्यांच्या देवघरातही आहे: कॅथलिकांच्या ख्रिस्तप्रसादाची भाकर गव्हाचीच लागते. 2017 साली व्हॅटिकनने पुन्हा बजावलं, ग्लुटेन अगदी थोडं असलेली चालेल, मुळीच नसलेली नाही. पण ज्याला तेवढंही सोसत नाही त्याने नुसता द्राक्षारस घेतला तरी त्याचा प्रसाद पुरा झाला असं ते मानतात. इतक्या कडक नियमात वाट निघते, तर तुझ्या दारी का निघू नये? केळं आहे, नारळ आहे. त्यातलं एक तिच्या हातावर ठेवलं तर तुझी कृपा उणी पडते का?

ऐकून घेणारे लोक आम्हाला दे. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. एका आईने त्यांना सांगितलं, पाव बंद केला की माझ्या आजारी लेकराच्या अंगावरचं पुरळ जातं. त्यांनी बाईचं बोलणं उडवून लावलं नाही, ते मनात धरून वर्षानुवर्षं शोध घेतला. पुढे महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, त्यांच्या देशात उपासमार झाली, पाव मिळेना, आणि या आजाराची मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खंगली. 1950 साली त्यांनी प्रबंधात हा दोष गव्हाचा असल्याचं मांडलं. आज माझी लेक वाढते आहे ती त्या आईच्या बोलण्यामुळे आणि त्या डॉक्टरांच्या कानांमुळे. आमच्याकडच्या दवाखान्यांतही असे कान असू देत, म्हणजे तलासरीच्या एखाद्या पाड्यावर कुणाचं पोर वर्षानुवर्षं हडकुळं राहिलं तर त्याची आई काय सांगते ते कुणीतरी नीट ऐकेल.

ज्यांना दूध सोसत नाही, ज्यांचा घसा शेंगदाण्याच्या एका दाण्याने सुजतो, त्यांच्या आयाही माझ्यासारख्याच हॉटेलच्या दारात उभ्या असतील. माझ्यासाठी करशील ते त्यांच्यासाठीही कर.

नवस बोलते, आई. पेढे नाही बोलत, चांदीचे डोळे नाही बोलत. माझ्या घरी बारसं असो, पूजा असो, वाढायला वाकण्याआधी मी प्रत्येकाला विचारीन, तुम्हाला काय चालत नाही? कुणी संकोचाने ‘काही नाही’ म्हणालं तरी पुन्हा एकदा विचारीन. आग्रह करायचाच तर या प्रश्नाचा करीन, वाढण्याचा नाही. लेकीचं वेगळं पान, वेगळी वाटी मांडणार नाही. वरीच्या तांदळाचा शिरा करीन, आणि मावशीपासून लेकीपर्यंत सगळ्यांना एकाच पातेल्यातून वाढीन. पहिला द्रोण तुझा. मावशीला तो आवडला तर तिच्या घरच्या पुढच्या पूजेला तोच करायची इच्छा तू तिला दे.