ओळखीचेच ऐकू येते, तेव्हा

गेल्या मार्गशीर्षापासून माझ्या उजव्या कानामागे एक यंत्र आहे. पुष्कळ जण ते साधे कर्णयंत्र समजतात आणि कानाशी येऊन ओरडतात. साधे यंत्र आवाज मोठा करून कानात सोडते. माझ्या कानात आवाज मोठा करून काही उपयोग उरला नव्हता.

आतल्या कानात शंखासारखा वळसेदार अवयव असतो. त्यातल्या केसांसारख्या पेशी, सुमारे साडेतीन हजार, आवाजाचा संकेत करून तो ऐकण्याच्या नसेला देतात. त्या पेशी गेल्या की नस धडधाकट असूनही तिला निरोप पोचत नाही. म्हणून शस्त्रक्रिया करून त्या शंखात एक बारीक तार घालतात. माझ्या तारेवर २२ टोके आहेत. बाहेरचा प्रोसेसर आवाज टिपतो, त्याचे विजेचे संकेत बनवतो आणि कातडीखालच्या भागामार्फत नसेपर्यंत नेतो. साडेतीन हजारांचे काम २२ जणांवर! मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क या डॉक्टरांच्या वडिलांचे औषधांचे दुकान होते आणि त्यांना कमी ऐकू येई. त्या शंखाच्या वळणातून तार आत कशी सरकवावी हे या डॉक्टरांना सुचत नव्हते. १९७७ साली समुद्रकिनाऱ्यावर बसून त्यांनी एका शिंपल्यात गवताची पाती सरकवून पाहिली, आणि बुडाशी ताठ, टोकाशी लवचीक अशी तार हवी हे त्यांना उमगले. पुढच्याच वर्षी त्यांची पहिली शस्त्रक्रिया झाली. वडिलांचे बहिरेपण मुलाने आयुष्यभराचे काम मानले, ही पितृसेवा पुंडलिकाच्या सांप्रदायिकांना वेगळी समजावून सांगायला नको.

शस्त्रक्रियेच्या दिवशीच ऐकू येऊ लागते असा समज आहे. तसे होत नाही. जखम भरल्यावर काही आठवड्यांनी प्रोसेसर सुरू करतात, मग प्रत्येक टोकाला किती वीज द्यायची हे पुन्हा पुन्हा जुळवतात. त्याला मॅपिंग म्हणतात. त्यासाठी अमळनेरहून नाशिकच्या फेऱ्या चालू आहेत. रोजची निगा वेगळीच. टोपी लोहचुंबकावर सरकली की कानात खरखर होते. आंघोळीला आणि झोपताना यंत्र काढायचे. खान्देशच्या उन्हात घाम आत जाऊ नये म्हणून रात्री ते ओल शोषणाऱ्या डबीत ठेवायचे. बॅटरीचा हिशेब ठेवायचा. हे सारे चार दिवसांत अंगवळणी पडते. आवाज मात्र इतक्या लवकर अंगवळणी पडत नाही.

सुरुवातीला माणसे बोलत तेव्हा पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखे वाटे. बाई कोण, पुरुष कोण, कळत नसे. मृदंगाचा ठेका आणि टाळ पहिल्यापासून नीट आले, कारण लय पोचवायला हे यंत्र समर्थ आहे. स्वराची उंची त्याला नीट पोचवता येत नाही. वीणा अजूनही मला लागलेली आहे की उतरलेली, हे समजत नाही.

आणि तरीही, यंत्र सुरू झाल्याला आठवडा झाला नव्हता तेव्हा संध्याकाळी मंदिरात हरिपाठ सुरू झाला आणि मला अक्षरन्‌अक्षर स्पष्ट ऐकू आले. मंडळींना वाटले, चमत्कार झाला. त्याच मंडळींनी पायरीवर अहिराणीत माझी विचारपूस केली, त्यातला एक शब्द मला लागला नाही. लहानपणापासूनची बोली, पण पुढे कोणता शब्द येणार हे ठाऊक नव्हते.

मग मी हरिपाठ ऐकला की आठवला? भागवतात प्रल्हादाने भक्तीचे नऊ प्रकार सांगितले, त्यांत श्रवण पहिले आणि स्मरण तिसरे. माझ्याकडे स्मरण आधी धावले आणि श्रवणाचा हात धरून त्याला आत घेऊन आले. प्रौढपणी बहिरे झालेल्यांना हे यंत्र लवकर मानवते, त्याचे कारणही हेच. भाषा मनात साठलेली असते, तुटका आवाज आला तरी मन रिकाम्या जागा भरून काढते.

हे मनाचे भरणे किती विश्वासाचे? पौषात रावेरकडचा भाचा आला. मला ऐकू आले, ‘मामा, केळीवर कृपा झाली.’ कीर्तनकाराच्या कानाला कृपेहून ओळखीचा शब्द कोणता? पण त्याचा चेहरा कृपा झालेल्या माणसाचा नव्हता. पुन्हा विचारले तेव्हा कळले, केळीवर करपा आला होता. पाने वाळत चाललेली, बागेवर कर्ज. यंत्राने चार-दोन ठिपके आणून दिले, मनाने त्यांतून आपल्या आवडीचे चित्र काढले.

इथे मला धृतराष्ट्र आठवतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी संजय आनंदाने भरून आलेला आहे आणि म्हातारा राजा पुरात बसलेल्या रेड्यासारखा स्वस्थ आहे, असे माउली दाखवतात. राजा डोळ्यांनी आंधळा होता, कान उत्तम होते. भगवंताचे शब्द संजयाच्या तोंडून कानावर पडत होते. पण त्याला एकच बातमी हवी होती, माझ्या मुलांचे काय झाले. तेवढ्यापुरतेच त्याचे ऐकणे उघडे होते. त्याच्या कानात तार घालून काही झाले नसते.

कोणी म्हणेल, महाराज, आपला संप्रदायच ओळखीचे ऐकण्यावर उभा आहे. तोच हरिपाठ, तेच काकडे, श्रोत्याला अभंगाचा पुढचा चरण आधीच पाठ. हे खरे आहे, आणि नामाच्या बाबतीत त्यात काही उणे नाही. नाम काल होते तेच आज आहे. आठवले काय आणि ऐकले काय, एकाच ठिकाणी पोचवते. माणसाचे तसे नाही. भाच्याची गेल्या वर्षीची चिंता वेगळी, यंदाची वेगळी. ती आठवणीतून ऐकता येत नाही. देवाचे नाव ओळखीने ऐकावे, माणसाचे दुःख मात्र अनोळखी म्हणूनच ऐकावे लागते, असे मला वाटू लागले आहे. निरोगी कानांनाही हे लागू आहे. सून बोलू लागली की पहिल्या दोन शब्दांतच ‘कळले, कळले’ म्हणणारे सासरे मी गावोगाव पाहिले आहेत.

म्हणून सराव करताना मी पाठ असलेले काही घेत नाही. नात तोंडापुढे वही धरून वर्तमानपत्रातली वाक्ये वाचते आणि मी ती जशीच्या तशी परत म्हणतो. बाजारभाव, पाण्याच्या पाळ्या, क्रिकेट. अर्ध्या तासात डोके जड होते. यंत्र लावलेल्या माणसाला ऐकण्याचा शीण येतो, तो चालण्याच्या शिणासारखाच खरा असतो. सप्ताहात चार-चार मोठे भोंगे लावणाऱ्यांना एवढेच सांगेन की मोठ्या आवाजात आमच्यासारख्यांना अधिक ऐकू येत नाही, सगळे एकत्र कालवले जाते.

जन्मतः बहिऱ्या बाळाकडे तर आठवणीचा साठाही नसतो. त्याच्या कानावर विठ्ठल हा शब्दही प्रथमच पडणार. त्याच्यासाठी वेळ फार मोलाचा असतो, कारण भाषा रुजण्याची वर्षे पहिली तीन-चारच. थाळी वाजवल्यावर बाळ दचकत नसेल तर नवस जरूर बोला, पण त्याच आठवड्यात कान तपासून घ्या. लहान मुलांच्या या शस्त्रक्रियेला केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून मदत मिळते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था ते काम पाहते. जिल्हा रुग्णालयात चौकशी केली तरी वाट कळेल.

यंदा मुक्ताईच्या पालखीबरोबर थोडी वाट चालण्याचा विचार आहे. पावसासाठी प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन जादा बॅटऱ्या झोळीत घेतल्या आहेत. वाटेत भेटलात तर मागून हाक मारू नका, समोर येऊन बोला. ओरडू नका, शब्द सावकाश सुटे करा. मी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारीन, तेव्हा ‘जाऊ द्या महाराज, काही विशेष नाही’ असे म्हणून पुढे जाऊ नका.